पाचवा महिना, ठणकणारी दाढ आणि ‘बाळंतपणानंतर बघू’

पत्र: माझा बाविसावा आठवडा चालू आहे. दहा दिवसांपासून खालची उजवी दाढ ठणकतेय, रात्री आडवं झालं की जास्तच. गरम घोट घेतला तर जीव जातो. पहिल्या दंतवैद्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि ‘बाळंतपण झाल्यावर या’ म्हणाले. गोळ्या संपल्या, ठणका आहे तसाच आहे. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात आत्ताच रूट कॅनल करू, पण इंजेक्शन आणि एक्स-रे लागेल, गायनॅककडून चिठ्ठी आणा. गायनॅक म्हणतात, दाताचं दातवाल्यांनाच विचारा. आई आणि सासूबाई यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालंय: या दिवसांत सुई नको आणि मशीन नको, एका बाळामागे एक दात जायचाच. गेल्या चार रात्री घरातली दुखण्यावरची गोळी घेऊन झोपतेय. तिच्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहे. शिवाय एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. दिवस गेल्याचं कळायच्या आधी, पाचव्या आठवड्यात, याच दाढेचा एक्स-रे काढला होता. तेव्हापासून मनात धाकधूक आहे. दात घासताना हिरड्यांतून रक्तही येतं. काय करू?

उत्तर:

दाढेचं नंतर बोलू, आधी त्या गोळीचं. आज रात्री ती घेऊ नका.

तुमच्या घरात सगळे घाबरलेत सुईला आणि मशीनला. या सगळ्या प्रकरणात खरोखर जपून राहावं अशी एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्ही चार रात्री पाण्याबरोबर गिळताय, कारण ती घरात होती आणि तिला कुणी ‘उपचार’ म्हणत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या एकाच कुळातल्या गोळ्या. विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. बाळाची लघवी कमी होते, आणि त्या सुमाराला गर्भजल मुख्यतः त्या लघवीचंच बनलेलं असल्यामुळे पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. तिसाव्या आठवड्याच्या आसपास आणि पुढे आणखी एक धोका येतो: बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची, ती आधीच आकसू लागते.

घाबरवायला हे सांगत नाहीये. चार रात्री एकेक गोळी घेतल्याने काही बिघडलं असण्याची शक्यता कमी आहे, आणि गोळी बंद केली की कमी झालेलं पाणी बहुतेक वेळा पुन्हा भरून येतं. पण एफडीएच्याच सूचनेत आहे की अशी गोळी दोन दिवसांहून जास्त घ्यावी लागली तर सोनोग्राफीत पाणी तपासायचा विचार व्हावा. तेव्हा उद्या गायनॅकना फोन करा आणि गोळीचं नाव, किती घेतल्या, कोणत्या रात्री, सगळं सांगा. ओशाळू नका. त्यांना ही माहिती हवी असते, आणि बहुतेकींना ती द्यायची लाज वाटते.

दुखण्यासाठी गरोदरपणात पहिली पसंती साध्या पॅरासिटामॉलला, एकट्या पॅरासिटामॉलला. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. तिथे दुसरं कुठलंही नाव दिसलं तर ती गोळी बाजूला ठेवा. डोस गायनॅकना विचारून घ्या, लागेल तेवढाच, लागतील तेवढेच दिवस. आणि गोळी गिळायची, दाढेच्या खड्ड्यात दाबून ठेवायची नाही. ॲस्पिरिन असं दाबून हिरडी भाजून घेतलेल्या पेशंट मी पाहिल्यात. ॲस्पिरिनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते: गायनॅकनी रक्तदाबाच्या त्रासापासून बचाव म्हणून तुम्हाला रोजची कमी डोसची ॲस्पिरिन दिली असेल, तर ती वेगळी गोष्ट. ती स्वतःच्या मनाने थांबवू नका, आम्हा दंतवैद्यांना फक्त सांगा.

आता दाढ. तोंड न बघता निदान करायचं नसतं, तरी रात्री आडवं झाल्यावर वाढणारा ठणका आणि गरम लागताच उठणारी कळ हे वर्णन दाढेच्या आतली नस सुजल्याचं आहे, आणि बहुधा माघारी न फिरण्याइतकी सुजल्याचं. ती नस चारही बाजूंनी कडक भिंतींच्या खोलीत बंद आहे. सूज आली तरी पसरायला जागा नाही, म्हणून ठणका. अँटिबायोटिकने तो गेला नाही यात नवल काहीच नाही. सुजलेल्या नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हे लिहूनच ठेवलंय. पू बाहेर पसरून चेहरा सुजला, ताप आला, तर गोष्ट निराळी. तुम्हाला त्या गोळ्या मिळाल्या त्या जंतूंपेक्षा डॉक्टरांच्या भीतीवर उतारा म्हणून मिळाल्या असाव्यात, असं मला वाटतं.

ही भीती मी ओळखते, कारण ती माझीही होती. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सातव्या महिन्यातली एक बाई अशीच दाढ घेऊन माझ्याकडे आली. मी तिला गोळ्या देऊन परत पाठवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा आली, पुन्हा गोळ्या. मधे एकदा ती हसत म्हणाली होती, ‘आता दुखायचं थांबलं.’ मलाही हायसं वाटलं. वाटायला नको होतं. नस मेली की ठणका थांबतो. सडणं थांबत नाही. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता, अंगात ताप होता, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. तिला दवाखान्यात दाखल करून सलाईनमधून औषधं द्यावी लागली, बाहेरून चीर देऊन पू काढावा लागला. पाऊण तासाचं काम मी टाळलं होतं आणि त्याच्या बदल्यात तिने ताप, जंतुसंसर्ग, उपासमार आणि औषधांचा मारा सोसला, तोही पोटातल्या बाळासकट. दोघं सुखरूप राहिली. माझा तो हिशेब मात्र मी विसरले नाही.

तुम्हाला अजून अठरा आठवडे आहेत. ही दाढ अठरा आठवडे वाट पाहणारी नाही. आणि समजा पाहिलीच, तर त्यानंतर तुमच्या मांडीवर दर दोन तासांनी उठणारं बाळ असेल. तेव्हा खुर्चीत येऊन बसणं आजच्यापेक्षा सोपं असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी तान्हं बाळ सांभाळलेलं नसावं.

म्हणून माझं मत: दुसऱ्या डॉक्टर बरोबर आहेत. रूट कॅनल करून घ्या, या आठवड्यातच.

हे माझं एकटीचं धाडस नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीओजीने, २०१३ मध्येच आपल्या सभासदांना सांगितलंय की गरोदर स्त्रीला निर्धास्त करा: दात तपासणं, एक्स-रे, बधिर करायचं इंजेक्शन, सफाई, दात भरणं, रूट कॅनल, दात काढणं, यांतलं काहीही गरोदरपणात करता येतं, आणि तातडीचं असेल तर पुढे ढकलू नये. कुठल्याही महिन्यात. चौथा ते सहावा महिना सोयीचा म्हणतात, कारण पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून फार आड येत नाही. तुम्ही नेमक्या त्या टप्प्यात आहात आणि तो वाया घालवताय.

पहिल्या तिमाहीत आम्ही दंतवैद्य हात आखडता घेतो, त्याचं एक न बोललेलं कारणही सांगून टाकते. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास वेळा मूळ कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. त्याच आठवड्यात दात भरलेला असला की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दोष दाताला लागतो, आणि दातवाल्याला.

इंजेक्शनबद्दल. त्यात बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं, ज्याला लिडोकेनही म्हणतात. हे औषध गरोदर बायकांत इतकी वर्षं वापरलं गेलंय की त्याच्याबद्दल आमच्याकडे भरपूर अनुभव आहे. इस्रायलमधला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला: गरोदरपणात दातासाठी असं इंजेक्शन घेतलेल्या २१० बायका आणि न घेतलेल्या ७९४. बाळांमधल्या मोठ्या जन्मजात व्यंगांत लक्षणीय फरक आढळला नाही. २१० हा आकडा काही प्रचंड नाही, हे मान्य. पण एवढ्या वर्षांचा अनुभव आणि हा अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. इंजेक्शनमध्ये थोडं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, ते ऐकून काहीजणी दचकतात. १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये एक लाखात एक या प्रमाणाने ते असतं १८ मायक्रोग्रॅम, आणि ते औषधाला जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणजे रक्तात कमी उतरतं. उलट बधिर न करता कळ सोसत बसलात तर तुमचं शरीर स्वतःचं ॲड्रेनॅलिन सोडणार, आणि ते मोजून सोडत नाही. फक्त तुमचा रक्तदाब वाढलेला असेल तर ते आधी सांगायचं, म्हणजे प्रमाण आणि वेग बघून देता येतं.

आणि एक्स-रे. आधी ते पाचव्या आठवड्याचं मनातून काढून टाकूया, कारण ती भीती तुम्ही चार महिने एकटीने वागवलीय आणि तिला आधार नाही.

किरणांमुळे गर्भाला इजा झाल्याचं साधारण ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेलं नाही (शरीरात मुरलेले किरण मिलिग्रेमध्ये मोजतात). डॉक्टर मंडळी हा आकडा उंबरठा म्हणून धरतात. दाताचा एक छोटा एक्स-रे काढताना शलाका जबड्याकडे रोखलेली असते, पोट तिच्या वाटेत नसतं. शरीरात इकडेतिकडे विखुरून गर्भापर्यंत जे पोहोचतं ते ०.०१ मिलिग्रेहूनही कमी, म्हणजे त्या उंबरठ्याचा पाच हजारावा हिस्सासुद्धा नाही. हे पाचव्या आठवड्यातही खरं होतं आणि आज बाविसाव्यातही खरं आहे. कुणाची माफी मागायची नाहीये, स्वतःचीसुद्धा. घरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा; वैद्यकीयदृष्ट्या सांगण्यासारखं त्यात काही नाही.

रूट कॅनलला एक्स-रे लागतोच, कारण मुळांची लांबी आणि वळणं डोळ्यांना दिसत नाहीत. एक्स-रे न काढता अंदाजाने केलेलं काम पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त, आणि मग पुन्हा सुई. पोटावर शिशाचा एप्रन हवा का? तुम्हाला धीर येणार असेल तर मागा, कुणी नाही म्हणणार नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनने एप्रन आणि गळ्याची पट्टी, दोन्हींची आता गरज नाही असं जाहीर केलं, गरोदर पेशंटनाही धरून. आजची यंत्रं शलाका इतकी आवळून सोडतात की एप्रनने वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. तेव्हा कुठे एप्रन घातला नाही म्हणून धास्तावू नका.

चिठ्ठीच्या टोलवाटोलवीबद्दल दोन्ही बाजूंना माझं सांगणं आहे. दातावर इलाज करायला गायनॅकची परवानगी लागत नाही. माहिती लागते. गायनॅकना ‘दाढेचं काम करू का?’ असं विचारलं की त्या हात झटकतात, कारण प्रश्नच त्यांच्या विषयातला नाही. त्याऐवजी त्यांच्याकडून एवढंच लिहून घ्या: रक्तदाब किती, साखर वाढलेली आहे का, रक्त पातळ करायचं औषध किंवा हेपॅरिनची इंजेक्शनं चालू आहेत का, वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, मुदतीआधी कळा येण्याचा धोका सांगितलाय का, कशाची ॲलर्जी आहे का. हे त्या दोन मिनिटांत लिहून देतील आणि दंतवैद्यांनाही नेमकं तेच हवं असतं.

खुर्चीत बसाल तेव्हा एक गोष्ट मात्र स्वतः लक्षात ठेवा, कारण समोरचे कधी विसरतात. सपाट उताणं झोपायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. अशी चक्कर आली की मग सगळेच म्हणतात, बघा, इंजेक्शन मानवलं नाही. उजव्या कुल्ल्याखाली छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल सरकवून शरीर थोडं डावीकडे कललेलं ठेवायचं, खुर्ची अर्धी उभी ठेवायला सांगायची, मधेमधे उठून बसायचं. अस्वस्थ वाटताक्षणी हात वर करा आणि डाव्या कुशीवर वळा. काम दोन बैठकींत वाटून घेतलं तरी चालतं. पहिल्या बैठकीत नस काढून आत औषध ठेवलं की ठणका बहुतेक त्याच रात्री उतरतो.

पुढे अँटिबायोटिकच्या गोळ्या लागल्याच तर ॲमॉक्सिसिलिन चालतं, तुम्हाला पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन नको. ती बाळाच्या तयार होणाऱ्या दातांत शिरून त्यांना कायमचा पिवळट-करडा रंग देतात. गरोदर आहे हे पोट दिसत असलं तरी तोंडाने सांगा. आम्ही तोंडातच बघत असतो.

आता ‘एका बाळामागे एक दात’. आई आणि सासूबाईंनी हे स्वतःच्या आयुष्यात पाहिलं असणार, म्हणून त्यांना हसण्यावारी नेऊ नका. दात जात असत, हे खरं; कारण मात्र सांगतात ते नव्हे. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. दात एकदा तयार झाला की त्यातलं कॅल्शियम रक्तात परत जात नाही. बाळ ते आईच्या आहारातून घेतं, आणि तिथे कमी पडलं तर हाडांतून. दात जायचे ते वेगळ्या वाटेने. संप्रेरकं वाढल्यामुळे हिरड्या थोड्याशा किटणालाही भडकून उठतात. उलट्यांचं आम्ल दातांवरून जातं. मळमळीमुळे ब्रश तोंडात घालवत नाही. आणि या सगळ्यावर नऊ महिने कुणी इलाज करत नाही, कारण या दिवसांत सुई नको. ही समजूत स्वतःच स्वतःला खरी करून दाखवते. सासूबाईंना हे असंच सांगा, किंवा सरळ सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच सांगू द्या. सुनेपेक्षा परक्याचं लवकर पटतं.

हिरड्यांतलं रक्त गरोदर बायकांत अतिशय सामान्य आहे. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश न लावणं हीच चूक बहुतेकजणी करतात. मऊ ब्रशने तिथेच घासायचं. रूट कॅनल झाल्यावर सफाईही करून घ्या. २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या हिरड्यांची खोल सफाई एकविसाव्या आठवड्याच्या आत केली, निम्म्यांची बाळंतपणानंतर. मुदतीआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, १२.० आणि १२.८ टक्के. म्हणजे सफाईने गर्भाला इजा होत नाही. आणि सफाई केली की बाळंतपण वेळेवर होईल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तेही खरं मानू नका. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्धा-एक तास थांबा. चुळेसाठी आयोडीनचं औषध रोज वापरू नका, ते बाळाच्या थायरॉइडपर्यंत जाऊ शकतं.

दात पांढरे करून घेणं, इम्प्लांट, न दुखणारी अक्कलदाढ काढणं, हे सगळं खुशाल नंतर. नवीन चांदीही आत्ता भरून घेऊ नका. तिच्यात पारा असतो आणि एफडीएने २०२० मध्ये गरोदर बायकांना ती टाळायला सांगितलंय. दातांच्या रंगाचं सिमेंट मागा. जुनी चांदी शाबूत असेल तर तिला हात लावू नका, खरवडून काढतानाच वाफ जास्त सुटते.

अपॉइंटमेंटच्या आधी जर गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप चढला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्यांची वाट बघत बसू नका. सरळ मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. जिभेखालची सूज श्वासाची वाट बंद करू शकते, आणि ते तासांत घडतं.

राहता राहिली कॅप. रूट कॅनलनंतर ती आत्ता नाही बसवली तरी चालेल, बाळंतपणानंतर बसवा. पण वर ठेवलेलं तात्पुरतं सिमेंट सहा महिने टिकत नाही, झिजून गळतं आणि खालचं सगळं काम फुकट जातं. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘हे पक्कं भरलंय की कच्चं?’ कच्चं असेल तर पुढच्या पंधरवड्याची तारीख तिथेच घेऊन ठेवा.